थेंबाचा हिशेब

पाण्यात क्लोरीन घातला की रोगजंतू मरतात, ही माहिती शालेय पुस्तकात एका वाक्यात येते आणि एका वाक्यात संपते. परीक्षेत तिला एखादा गुण असतो. पण या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. किती घालायचा? केव्हा घालायचा? आणि घालणारा माणूस विसरला तर काय? वर्गात हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात मात्र पाणी शुद्ध राहील की नाही, हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. क्लोरीनचा शोध लागला त्याला अडीचशे वर्षे झाली. तो पाण्यात मोजून, सतत आणि आपोआप कसा घालावा हे शिकायला मात्र पुढची दीडशे वर्षे लागली. त्या शिकण्याची गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत.

रसायन आधी, हिशेब नंतर

कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली क्लोरीन वायू प्रथम तयार केला. हे एक मूलद्रव्य आहे हे हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दाखवले आणि त्याला क्लोरीन हे नाव दिले. त्याआधीच, १७९९ मध्ये, स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने विरलेल्या चुन्यात क्लोरीन शोषून घेऊन ब्लीचिंग पावडर बनवण्याचे एकस्व मिळवले होते. आपल्याकडे ग्रामपंचायतीत जिला ‘टीसीएल’ म्हणतात तीच ही पावडर. तेव्हा ती कापड पांढरे करण्यासाठी आणि दुर्गंधी घालवण्यासाठी वापरत. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायन हाताशी होते, स्वस्तही होते. तरीही शहरांच्या पाण्यात ते नियमितपणे पडू लागले ते विसाव्या शतकात. एक कारण उघड आहे: रोग जंतूंमुळे होतो हेच अजून ठरायचे होते. विषमज्वराचे आणि पटकीचे जंतू ओळखले गेले ते १८८० नंतरच्या काही वर्षांत. दुसरे कारण तितकेसे सांगितले जात नाही. क्लोरीन कमी पडला तर जंतू वाचतात, जास्त झाला तर पाणी तोंडात धरवत नाही. या दोहोंमधली वाट अरुंद आहे, आणि त्या वाटेवरून रात्रंदिवस चालायचे आहे.

सुरुवातीचे प्रयोग साथ आली म्हणून झाले. इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराची मोठी साथ आली. अठराशेहून अधिक लोक आजारी पडले, शंभराहून अधिक दगावले. तेव्हा पाण्याच्या नळांत ब्लीचिंग पावडरचे द्रावण भरून ते निर्जंतुक करण्यात आले. हे काम एकदाच करायचे होते. लिंकन शहरात १९०५ मध्ये अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पुढचे पाऊल टाकले. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण त्यांनी शहराच्या पाण्यात सतत सोडत ठेवले. मात्रा होती एका लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम. साथ आटोक्यात आली. चवीबद्दल तक्रारीही आल्या. याच सुमारास, १९०३ मध्ये, हिंदुस्थानातील इंडियन मेडिकल सर्व्हिसचे एक अधिकारी व्ही. बी. नेसफील्ड यांनी दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन शिसे लावलेल्या लोखंडी भांड्यात साठवून पाण्यासाठी वापरण्याची कल्पना मांडली. ती फार लवकर आली. तिच्यासाठी लागणारी साधने पुढे दहा वर्षांनी तयार झाली.

बादलीने घातले तर काय बिघडते?

रोज सकाळी टाकीत मूठभर पावडर टाकली तर चालणार नाही का? आलेख काढून पाहिले की उत्तर दिसते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पाण्यातला क्लोरीन घ्या. पावडर टाकताच रेघ एकदम वर जाते आणि मग हळूहळू उतरत शून्याकडे येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. करवतीच्या दातांसारखी ही रेघ असते. सकाळी पाणी भरणाऱ्याच्या हंड्यात उग्र वासाचे पाणी येते आणि रात्री भरणाऱ्याच्या हंड्यात क्लोरीन नसलेले. सरासरी काढली तर मात्रा अगदी बरोबर! पण सरासरी पाणी कोणी पीत नाही. जंतू सरासरीने मरत नाहीत. ज्या घोटात क्लोरीन नाही त्या घोटात ते जिवंत असतात.

तेव्हा करवतीच्या जागी सरळ आडवी रेघ हवी. ती कशी आणायची, हाच सगळा प्रश्न.

न्यायालयात गेलेले पाणी

अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराने रॉकअवे नदीवर बूंटन येथे धरण बांधण्याचे काम एका कंपनीला दिले होते. पाणी शुद्ध आणि आरोग्यकारक असले पाहिजे, अशी करारात अट होती. १९०४ मध्ये पाणी सुरू झाले. पण अट पाळली जात नाही असे म्हणून शहराने पैसे अडवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने ठरवले की वर्षातले काही दिवस, विशेषतः जोराच्या पावसानंतर, पाणी दूषित होते. कंपनीने यावर उपाय करावा. धरणाच्या वरच्या बाजूच्या गावांसाठी गटारे बांधणे हा एक मार्ग होता. तो फार खर्चाचा होता.

कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी दुसरा मार्ग सुचवला: धरणातून निघणाऱ्या सर्व पाण्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण सतत मिसळायचे. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात रसायन घालणे ही त्या काळी धक्कादायक गोष्ट होती. लील यांनी जॉर्ज फुलर या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला. अवघ्या ९९ दिवसांत यंत्रणा उभी राहिली आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी सुरू झाली. रोजचे पाणी होते सुमारे १५ कोटी लिटर, आणि क्लोरीनची मात्रा लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम. गुणाकार करून पाहा: दिवसाला फक्त ३० किलो क्लोरीन! एवढ्याशा क्लोरीनने एका शहराचे पाणी सुरक्षित होते, पण अट ही की तो प्रत्येक लिटरला सारखा मिळाला पाहिजे.

शहराला हे मान्य नव्हते. दुसरा खटला उभा राहिला. देशातले नामवंत पाणीतज्ज्ञ दोन्ही बाजूंनी साक्षीला आले. लील यांना विचारण्यात आले की हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, घरच्यांना द्याल का. त्यांनी होकार दिला. विज्ञानाच्या इतिहासात असे प्रश्न नेहमी विचारले जावेत असे आम्हांला वाटते. दुसऱ्याच्या पेल्यात काही घालणाऱ्याने आधी स्वतःच्या पेल्याचे उत्तर द्यायलाच हवे. १९१० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पाणी खरोखर सुरक्षित होते हे जंतुगणनेच्या आकड्यांवरून दिसत होते, आणि ते आकडे दिवसामागून दिवस स्थिर होते. ही स्थिरता रसायनाची नव्हती, यंत्रणेची होती.

एक जुनी युक्ती

ती यंत्रणा होती तरी कशी? ढवळून तयार केलेले पावडरचे द्रावण एका पेटीत येई. पेटीतली पातळी कायम राहील अशी व्यवस्था होती. पेटीला ठरावीक मापाचे छिद्र होते आणि त्यातून द्रावण बाहेर पडे. धरणातून जास्त पाणी सोडले तर छिद्र मोठे करायचे, कमी सोडले तर लहान. बस्स, एवढेच.

पातळी कायम ठेवण्याची गरज का? टोरिचेल्लीचा नियम आठवा. छिद्रातून पडणाऱ्या धारेचा वेग वरच्या द्रवाच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पिंप भरलेले असताना धार जोरात, रिकामे होत आले की मंद. द्रवाची उंची २० सेंटिमीटरवरून ५ वर आली की वेग निम्मा होतो. म्हणून उंचीच बदलू द्यायची नाही.

ही युक्ती बूंटनमध्ये जन्मलेली नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात पातळी स्थिर ठेवण्यासाठी तरंगती झडप वापरली असे मानतात. घड्याळाला सारखी धार लागते, नाहीतर तास लहानमोठे होतील. फ्लशच्या टाकीतला आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये असतो तो बॉलकॉक याच झडपेचा वंशज. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारिऑतच्या नावाने ओळखली जाणारी बाटली हेच काम झडपेशिवाय करते. ती आपण शेवटी बनवून पाहणार आहोत.

किती घातला, की किती उरला?

बूंटनच्या यंत्रणेत एक उणीव होती. ती क्लोरीन मोजून घाले, पण पाण्याला त्याची गरज किती हे तिला कळत नसे. क्लोरीन फक्त जंतूंवर खर्च होत नाही. पालापाचोळ्यातली सेंद्रिय द्रव्ये, लोह, अमोनिया हे सगळे त्यावर हक्क सांगतात. पावसाळ्यातले गढूळ पाणी जास्त क्लोरीन खाते, हिवाळ्यातले नितळ पाणी कमी. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एबेल वोल्मन आणि लिन एन्स्लो यांनी १९१९ मध्ये यावर नेमका उपाय सांगितला: आधी पाण्याची क्लोरीनची मागणी मोजा, ती भागवा, आणि वर थोडासा उरेल इतका घाला. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पुढच्या वाटेवरचा पहारेकरी. नळाच्या टोकाशी पाणी तपासताना आजही हाच उरलेला क्लोरीन पाहतात. आपल्याकडे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे मानक आहे.

साधनेही बदलत होती. १९१३ मध्ये चार्ल्स वॉलेस आणि मार्टिन टिअरनन यांनी क्लोरीन वायू मोजून सोडणारे यंत्र बनवले आणि ते बसवले कोठे, तर बूंटनलाच. वायू मोजायला सोपा, साठवायला सुटसुटीत; पण गळला तर जीवघेणा. दोनच वर्षांनी, एप्रिल १९१५ मध्ये, ईप्रच्या रणभूमीवर हाच वायू सैनिकांवर सोडण्यात आला. म्हणून १९२० च्या दशकात आलेल्या सुधारणेला आम्ही फार महत्त्व देतो. त्यात वाहत्या पाण्याने निर्माण केलेली निर्वात ओढच वायूला आत खेचते. पाणी थांबले की ओढ थांबते आणि वायूही थांबतो. नळीला भोक पडले तर वायू बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. यंत्र बिघडेल हे गृहीत धरायचे आणि बिघडल्यावर ते सुरक्षित बाजूला कसे पडेल हे आधी ठरवायचे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

पोहण्याचा तलाव: तेच पाणी, पुन्हापुन्हा

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात १९१० च्या सुमारास पोहण्याच्या तलावात ब्लीचिंग पावडर वापरून पाहण्यात आली. तलावाचे गणित नळापेक्षा कठीण आहे. नळाचे पाणी एकदा येते आणि जाते. तलावाचे पाणी गाळणीतून फिरून परत तलावात येते. पोहणारे घाम, तेल आणि (शिक्षकांना सांगायला नकोच) लघवीही त्यात सोडतात. भर उन्हात उघड्या तलावातला क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होऊ शकतो. तलावाजवळ येणारा उग्र वास फार क्लोरीन घातल्याचा असतो असा समज आहे. बहुतेक वेळा तो घाम-लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनांचा असतो. शिवाय पाण्याचा पीएच ७.५ असेल तर क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ झाला की तो भाग पावाच्या आसपास येतो. म्हणजे मात्रा तीच, पण परिणाम निम्मा.

घरगुती तलावासाठी स्वस्तात स्वयंचलित यंत्रणा करणारे हौशी लोक जगभर आहेत, आणि त्यांच्या खटपटीत हाच इतिहास थोडक्यात पुन्हा घडतो. ५० हजार लिटरचा तलाव घ्या. त्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे दहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे अर्धा लिटर द्रावण. ते एक छोटा पेरिस्टाल्टिक पंप सोडतो. अन्ननलिकेतून घास पुढे सरकतो तशी रुळांनी नळी दाबत हा पंप द्रव ढकलतो. द्रव यंत्राच्या भागांना लागतच नाही, त्यामुळे ते गंजत नाहीत. पंपाला घड्याळ जोडले की पहिली पायरी झाली. पाण्यात इलेक्ट्रोड बुडवून त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता मिलिव्होल्टमध्ये मोजली, आणि ती साधारण ६५० च्या खाली गेली की पंप सुरू केला, ही पुढची पायरी. येथे यंत्र प्रथमच विचारते, ‘किती उरला?’

पण या दोन्हींच्या मधली पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि ती काही वेळा वगळली जाते: पाणी फिरवणारा मोठा पंप बंद असताना क्लोरीनचा पंप चालताच कामा नये. तसे झाले तर तीव्र द्रावण नळीत साठते आणि पाणी सुरू होताच एकदम पोहणाऱ्यांवर येते. पीएच कमी करायला आम्ल सोडणारा पंपही त्याच नळीवर असेल, तर आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र येऊन क्लोरीन वायू बनतो. असे अपघात प्रत्यक्ष घडले आहेत. स्वस्तात करायचे म्हणून जे वगळायचे नाही ते हेच.

नागपूरची दोन मडकी

आता जेथे वीज नाही, नळ नाही, फक्त विहीर आहे तेथे जाऊ. नागपुरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली; १९७४ पासून ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. घरगुती विहिरींसाठी या संस्थेने काढलेली युक्ती म्हणजे दुहेरी मडके. एकात एक बसणारी दोन उभट मातीची भांडी. बाहेरचे ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद. दोघांनाही एक सेंटिमीटरचे भोक: आतल्याला काठाजवळ, बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटरवर. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू किंचित ओली करून आतल्या मडक्यात भोकाच्या तीन सेंटिमीटर खालीपर्यंत भरायची. बाहेरच्याचे तोंड प्लास्टिकच्या कागदाने बांधायचे आणि दोरीने ते विहिरीत पाण्याखाली किमान एक मीटर सोडायचे, म्हणजे बादली आपटणार नाही.

मग काय होते? पाणी भोकांतून आत शिरते, आणि विरघळलेला क्लोरीन आधी आतल्या भोकातून, मग बाहेरच्या भोकातून सावकाश बाहेर पाझरतो. एका मडक्यातून तो फार वेगाने सुटला असता. दुसरे मडके त्याला आवर घालते. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा होणाऱ्या विहिरीला हे दोन-तीन आठवडे पुरते. करवतीची रेघ येथे बरीचशी सपाट झाली आहे, आणि तीही कुंभाराच्या आव्यातल्या भांड्यांनी.

या मडक्याला मर्यादा आहेत. पाहुणे येऊन उपसा दुप्पट झाला, पाऊस पडून विहीर भरली, तर त्याला ते कळत नाही. मडके बदलण्याचा दिवस कोणीतरी लक्षात ठेवावाच लागतो. म्हणजे विसरण्याचा प्रश्न संपला नाही. तो रोजच्याऐवजी पंधरवड्याचा झाला. पण माणसाच्या स्मरणशक्तीवरचे ओझे पंधरापट कमी करणे ही लहान गोष्ट नाही.

हे ओझे कमी केल्याने खरोखर फरक पडतो का? बांगलादेशात ढाका परिसरातील वस्त्यांत याची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सामायिक नळांवर विजेशिवाय चालणारी, क्लोरीनच्या गोळ्यांची साधने बसवली गेली. तुलनेसाठी काही ठिकाणी त्याच दिसण्याच्या साधनात क्लोरीनऐवजी क जीवनसत्त्व ठेवले. कोणत्या नळाला काय आहे हे वस्तीतल्यांना ठाऊक नव्हते, आणि कोणालाही घरी काही करावे लागत नव्हते. क्लोरीन असलेल्या नळांवरच्या पाच वर्षांखालील मुलांत जुलाबांचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. रसायन तेच, टेनंटच्या काळापासून ठाऊक असलेले. फरक एवढाच की ते घालण्याची जबाबदारी थकलेल्या आईच्या आठवणीवरून नळावर गेली.

क्लोरीन म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे घातक पदार्थ बनतात, हे १९७४ मध्ये दिसून आले. म्हणून आधी पाणी गाळायचे आणि मग बेताने क्लोरीन द्यायचा. पुन्हा गाडी येते ती हिशेबावरच.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग रंगीत पाण्याने करावा. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर वर्गात वापरू नये. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडा. झाकण काढून बाटली भरा आणि दर मिनिटाला किती पाणी बाहेर पडते ते मापनपात्राने मोजा. आकडे घसरत जातील. आता झाकणाला भोक पाडून त्यातून शीतपेयाची नळी आत घाला. तिचे खालचे टोक तळाच्या भोकापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर राहू द्या. नळीभोवतीची फट मेणाने पक्की बंद करा आणि पुन्हा मोजा. पाण्याची पातळी उतरत राहील, नळीतून बुडबुडे येत राहतील, पण दर मिनिटाचा आकडा जवळजवळ तोच राहील. नळीच्या टोकाशी दाब नेहमी हवेइतकाच असतो. म्हणून भोकाच्या दृष्टीने पाण्याची उंची म्हणजे नळीचे टोक ते भोक एवढीच, आणि ती बदलत नाही. हीच मारिऑतची बाटली.

दोन्ही वेळचे आकडे एकाच आलेखावर काढा. एक रेघ उतरती, एक आडवी. मग विद्यार्थ्यांना विचारा: गावाच्या टाकीवर ही बाटली ठेवली, आणि रात्री टाकीत येणारे पाणी बंद झाले, तर सकाळी काय होईल? बाटली थेंब सोडतच राहील. तिला थांबवायचे कसे, याची निदान दोन उत्तरे विद्यार्थ्यांना शोधू द्या.